आयएसओ इमेजमध्ये मराठी फाइलनावं पुन्हा पुन्हा मोडतात: दोष शोधण्याची आणि चाचणीची पद्धत

आठवड्याभराच्या फायलींची आयएसओ इमेज, म्हणजे अख्खी सीडी-डीव्हीडी एकाच फायलीत बांधल्यासारखी प्रत, करून ठेवणारी एक छोटी स्क्रिप्ट मी वापरते. बहुतेक फायलींची नावं मराठीत असतात. माझ्या लिनक्सवर इमेज माउंट केली, म्हणजे डिस्कसारखी जोडून उघडली, की नावं जशीच्या तशी दिसतात. तीच इमेज विंडोजवर उघडली की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन चिन्हं येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, मग चलनाचं गोलसर चिन्ह, मग तिसरंच काहीतरी. पुन्हा तोच ए, पुन्हा ते गोल चिन्ह. शिवाय नाव अर्ध्यातच तुटलेलं. खातरजमा करायला म्हणून तीच स्क्रिप्ट मी हाताने चालवली, तर नवी इमेज दोन्हीकडे नीट उघडली. प्रश्न सुटला असं वाटलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

अशी अडचण ज्यांना वारंवार येते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये टाका.

एका फायलीची तीन नावं

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढचा निम्मा गोंधळ मिटतो. आयएसओ इमेजमध्ये एकाच फायलीची दोन किंवा तीन नावं शेजारी शेजारी नांदत असतात, आणि समोरची प्रणाली त्यातलं आपल्याला सोयीचं एक उचलते.

पहिलं नाव मूळ आयएसओ ९६६० चं. हे मानक १९८८ चं आहे. त्याच्या पहिल्या पातळीत नावाला आठ आणि विस्ताराला तीन अक्षरं, तीही फक्त मोठी रोमन लिपी, आकडे आणि अधोरेषा. देवनागरीला इथे जागाच नाही. दुसरं नाव रॉक रिजचं. युनिक्स जगासाठी केलेली ही जोडणी नाव २५५ बाइटांपर्यंत ठेवते. पण ते बाइट कुठल्या संकेतप्रणालीत (अक्षरं बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) आहेत याची नोंद मात्र ठेवत नाही. जे दिलं ते तसंच परत देते. तिसरं नाव जोलिएटचं. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये आणलेली ही पद्धत नावं युनिकोडमध्ये, दोन दोन बाइटांच्या एककांत ठेवते आणि मर्यादा ६४ एककांची.

लिनक्सला इमेजमध्ये रॉक रिज आणि जोलिएट दोन्ही सापडले तर तो रॉक रिज वाचतो. विंडोजला रॉक रिज कळत नाही, तो जोलिएट वाचतो. म्हणजे मी लिनक्सवर जी नावं तपासून ‘ठीक आहे’ म्हणत होते, ती नावं विंडोज कधी बघतच नव्हता. ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय’ हे वाक्य या बाबतीत कुणीही पुरावा म्हणून स्वीकारू नये, स्वतःचं तर मुळीच नाही.

मोडलेलं नाव काय सांगतं

नाव कसं मोडलंय ते नीट पाहिलं तर दोष कुठे आहे ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

नावात नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर इमेज बहुधा निरोगी आहे आणि वाचणाऱ्याला अक्षरं दाखवता येत नाहीत. लिनक्सवर फक्त जोलिएट असलेली इमेज माउंट करताना हे हमखास होतं. माउंटला ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ हा पर्याय द्या; नावं परत आली तर इमेजला हात लावायची गरज नाही. चौकोनी डबे दिसत असतील तर तो प्रश्न फॉन्टचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डबे दिसले म्हणून फाइलनाव मोडलं असं समजू नका.

अधोरेषांची रांग आणि शेवटी ०००, ००१ असे आकडे दिसले, तर वाचणारा मूळ आयएसओ ९६६० च्या नावांवर जाऊन पोहोचलाय. एकतर इमेज करताना जोलिएट आणि रॉक रिज घातलेच नाहीत, किंवा वाचणाऱ्या उपकरणाला ते येत नाहीत. इमेज बनवणाऱ्या जेनआयसोइमेज या प्रोग्रॅमला कॅपिटल आर आणि कॅपिटल जे हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात, ते आपोआप येत नाहीत.

आणि ती तीन तीन चिन्हांची माळ? देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडने अक्षराला किंवा मात्रेला दिलेला क्रमांक) यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत तीन बाइट घेतो. पहिला नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा अक्षरानुसार बदलणारा. हे तीन बाइट कुणी तीन स्वतंत्र पश्चिम युरोपीय अक्षरं समजून वाचले की तिरक्या रेघेचा ए दर तिसऱ्या जागी येणारच. आता प्रश्न एवढाच उरतो की चूक वाचताना झाली की लिहिताना. ते ठरवायला इमेज लिनक्सवर ‘नोरॉक’ पर्यायासह माउंट करा, म्हणजे तोही जोलिएट वाचेल. सोबत वरचा यूटीएफ-८ चा पर्याय द्या. तरीही माळ दिसली तर इमेजमध्येच चुकीचं लिहिलं गेलंय आणि ती नव्याने करण्याला पर्याय नाही.

हाताने ठीक, आपोआप मोडकं

माझ्या बाबतीत माळ दिसली. इमेज बनतानाच बिघडत होती, तेही फक्त क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेने, रात्री बनवली की.

कारण लोकेलमध्ये, म्हणजे भाषा आणि संकेतप्रणाली ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, होतं. इमेज बनवणाऱ्या प्रोग्रॅमला डिस्कवरची नावं जोलिएटसाठी युनिकोडमध्ये फिरवावी लागतात आणि त्यासाठी मूळ नावं कुठल्या संकेतप्रणालीत आहेत ते माहीत असावं लागतं. तुम्ही सांगितलं नाही तर तो चालू लोकेल पाहून अंदाज बांधतो. टर्मिनलवर माझं लोकेल यूटीएफ-८ चं आहे, म्हणून अंदाज बरोबर येतो. जेनआयसोइमेज तर सुरुवातीलाच तशी एक ओळ छापतो की इनपुट कॅरसेट दिलेला नाही, लोकेलवरून यूटीएफ-८ धरतोय. ती ओळ मी कित्येकदा पाहिली आणि दर वेळी निरुपद्रवी सूचना म्हणून सोडून दिली. क्रॉन मात्र आपलं टर्मिनलचं वातावरण सोबत घेत नाही. तिथे साधं ‘सी’ लोकेल मिळालं, अंदाज एकबाइटी संकेतप्रणालीचा बांधला गेला, आणि प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर म्हणून जोलिएटमध्ये गेला.

नावं अर्ध्यात का तुटत होती तेही यातूनच उलगडलं. जोलिएटची ६४ एककं आता ६४ बाइटांतच खर्च होत होती, म्हणजे देवनागरीचे जेमतेम २१ कोडपॉइंट. रॉक रिजची नावं कुठल्याही रूपांतराशिवाय जात असल्याने लिनक्सवर सगळं छान.

उपाय एका ओळीचा: जेनआयसोइमेजला ‘-इनपुट-कॅरसेट यूटीएफ-८’ स्पष्ट द्या आणि स्क्रिप्टच्या वरच्या भागात लोकेलही यूटीएफ-८ चं ठरवून टाका. मी दोन्ही करते. एक पुरेसं असलं तरी उद्या प्रोग्रॅम बदलला तर दुसरं उपयोगी पडतं.

चाचणीचा फोल्डर

एवढं झाल्यावर मी ठरवलं की खऱ्या फायलींवर चाचणी घ्यायचीच नाही. पंधरा-वीस छोट्या फायलींचा एक फोल्डर केला. त्यातली एक युक्ती मला फार कामाची वाटते: प्रत्येक फायलीच्या आत तिचं स्वतःचं नाव कोडपॉइंटच्या क्रमांकांत लिहून ठेवायचं. नाव कितीही बिघडलं तरी फाइल उघडली की ती मुळात कोण होती ते कळतं. शिवाय प्रत्येक फायलीचा मजकूर वेगळा असल्याने हॅशही, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसाही, वेगळा येतो आणि हॅशवरून जोडी लावता येते.

इमेज झाली की ती तीनदा माउंट करते. एकदा साधी, एकदा ‘नोरॉक’ने, आणि एकदा ‘नोरॉक’ व ‘नोजोलिएट’ दोन्ही देऊन. प्रत्येक वेळी नावांची यादी काढून ती बाइटांच्या पातळीवर मूळ यादीशी ताडते. त्यानंतर विंडोजवर पॉवरशेलमधून प्रत्येक नावाचे कोडपॉइंट आकड्यांत छापून घेते. डोळ्यांनी ताडत नाही. का, ते पुढच्या भागात.

दऱ्या, दर्या आणि न दिसणारं अक्षर

चाचणीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या फायली चार. पहिलीचं नाव ‘दर्या’, म्हणजे समुद्र, रफाराचा. उरलेल्या तिन्हींचं नाव ‘दऱ्या’, डोंगरातल्या. ती तिन्ही नावं पडद्यावर सारखीच दिसावीत अशी अपेक्षा असते आणि आत मात्र तिन्ही वेगळी असतात.

मराठीतला हा अर्धा र तीन प्रकारे साठवला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, आणि त्याचा पाय मोडून. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ ला स्वतःची जागा आहे, तिथून हेच येतं. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता यू+०९३सी, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे, म्हणजे यू+२००डी हे न दिसणारं जोडचिन्ह. पहिलं नाव पाच कोडपॉइंटांचं आणि १५ बाइटांचं. दुसरं आणि तिसरं सहा सहा कोडपॉइंटांचं, १८ बाइटांचं. लांबी सारखी, बाइट वेगळे.

पहिलं आणि दुसरं रूप युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत. समतुल्य रूपं एका रूपात आणण्याला सामान्यीकरण म्हणतात: एनएफसी या सहसा जोडणाऱ्या प्रकारात दोन्हींचं पहिलं रूप होतं, एनएफडी या सुटं करणाऱ्या प्रकारात दोन्हींचं दुसरं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावं सुटी करून, एनएफडीच्या वळणाने साठवते. त्यामुळे लिनक्सवरची ‘दऱ्या’ ही फाइल मॅकवर एचएफएस प्लसच्या डिस्क इमेजमध्ये टाकली आणि मॅकवरूनच परत काढली की नाव तेच दिसतं, पण यादीशी ताडणारी स्क्रिप्ट म्हणते: एक फाइल गहाळ, एक फाइल जास्तीची. लिनक्सची एक्स्ट४ आणि विंडोजची एनटीएफएस यात ढवळाढवळ करत नाहीत, त्यामुळे तिथे दोन्ही ‘दऱ्या’ शेजारी शेजारी राहू शकतात. नव्या मॅकमधली एपीएफएस दिलेलं रूप जपते, पण ही दोन रूपं एकच नाव मानते. या जोडीवर इलाज सोपा आहे. कॉन्व्हएमव्ही या प्रोग्रॅमचा ‘--एनएफसी’ पर्याय वापरून इमेज करण्याआधीच सगळी नावं एका रूपात आणा.

तिसऱ्या रूपावर सामान्यीकरणाचा काहीच परिणाम होत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. ‘न दिसणारी चिन्हं साफ करा’ अशी सोय काही प्रोग्रॅम चांगल्या हेतूने देतात. झेडडब्ल्यूजे काढून टाकला की उरतं द, र, हलन्त, य, काना. म्हणजे ‘दर्या’! शब्दच बदलला, आणि त्या फोल्डरमध्ये आधीची ‘दर्या’ असेल तर दोघींची टक्कर. एचएफएस प्लसचा नेहमीचा प्रकार, जो लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करत नाही, नावं ताडताना झेडडब्ल्यूजेकडे दुर्लक्ष करतो. तिथे कुणी काही साफ न करताही ही दोन नावं एकच ठरतात आणि नंतर आलेली फाइल आधीच्या फायलीवर बसू शकते. या चारही फायली इमेजमध्ये टाकल्या आणि बाहेर काढताना चारच निघाल्या का, हे मोजणं म्हणूनच पहिलं काम. तीन निघाल्या तर कोण गेलं ते आतला मजकूर सांगेल.

‘ॲ’चंही असंच. यू+०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी आणि अजूनही काही ठिकाणी अ आणि त्यावर ॅ अशी जोडी लिहिली जाते. दिसायला तेच, पण ही दोन रूपं समतुल्य नाहीत, त्यामुळे एनएफसी त्यांना एक करणार नाही. एक रूप ठरवून तुम्हालाच बदलून घ्यावं लागेल. नुक्त्याच्या ज़, फ़ सारख्या अक्षरांचा मामला उलटा: त्यांची एकसंध रूपं एनएफसीमध्येही सुटीच होतात. एनएफसी म्हणजे सगळं जोडलेलं, असं गृहीत धरून ताडणी लिहिली तर इथे फसाल.

लांबी मोजताना

आपण अक्षरं मोजतो, प्रणाली एककं मोजते. ‘दुसऱ्या सत्रातील प्रात्यक्षिकांची सुधारित अंतिम यादी’ हे नाव घ्या. डोळ्यांना २१ अक्षरं आणि पाच मोकळ्या जागा दिसतात. कोडपॉइंट मात्र ५२. पीडीएफचा विस्तार ठिपक्यासह जोडला की ५६, आणि यूटीएफ-८ मध्ये १५० बाइट. अशा नावामागे ‘प्रत १२’ जोडलं की जोलिएटची ६४ एककं बरोबर भरली. त्यापुढे ‘सही’ एवढा शब्दही मावत नाही.

तोडणारा प्रोग्रॅम अक्षराची कदर करत नाही. जोडाक्षराच्या मधोमध तोडतो, मागे लोंबता हलन्त राहतो. त्याहून वाईट म्हणजे ज्या फायलींचा फरक फक्त शेवटच्या शब्दात आहे, त्या सगळ्या तुटल्यावर सारख्या होतात. जेनआयसोइमेजचा ‘-जोलिएट-लाँग’ हा पर्याय मर्यादा १०३ पर्यंत नेतो, पण ते मानकाबाहेरचं आहे. मी तो वापरत नाही. नावं आखूड करते. रॉक रिज आणि एक्स्ट४ ची २५५ बाइटांची मर्यादा म्हणजे देवनागरीचे ८५ कोडपॉइंट. यूडीएफ या आयएसओ ९६६० नंतरच्या फाइलप्रणालीत देवनागरी नावाला १२७ एककं मिळतात, त्यामुळे लांब नावं टाळताच येत नसतील तर यूडीएफची इमेज करावी.

खंडाच्या, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या, नावाची वेगळी चाचणी घ्या. जोलिएटमध्ये ते १६ एककांचं असतं, पेन ड्राइव्हवरच्या फॅट फाइलप्रणालीत जुन्या संकेतप्रणालीतल्या ११ बाइटांचं, त्यामुळे तिथे देवनागरी टिकत नाही. मी खंडाचं नाव सरळ रोमनमध्ये देते.

विरामचिन्हं

लिनक्सला नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. विंडोजला < > : " / \ | ? * ही नऊ चिन्हं चालत नाहीत, आणि जोलिएटला * / : ; ? \ ही सहा. ‘१०:३० ची नोंद’ असं नाव लिनक्सवर सहज पडतं, जोलिएटमध्ये विसर्गासारख्या त्या दोन टिंबांच्या जागी अधोरेषा येते. ते एकवेळ परवडलं. पण इमेजमधून काढताना मूळ नाव एनटीएफएसवर तसंच लिहायचा प्रयत्न झाला तर ‘१०’ नावाची शून्य बाइटांची फाइल उरू शकते, कारण तिथे कोलननंतरचा भाग फायलीला जोडलेल्या वेगळ्या प्रवाहाचं नाव समजला जातो. मजकूर गेला असं वाटतं. तो त्या लपलेल्या प्रवाहात असतो.

मराठीत याहून जास्त सापडणारी चूक म्हणजे शेवटचा ठिपका. ‘पावती क्र.’ असं फोल्डरचं नाव कुणीही सहज देतं. विंडोज नावाच्या शेवटचा ठिपका आणि मोकळी जागा गाळून शोध घेतो, त्यामुळे फोल्डर दिसतो पण उघडायला गेलं की सापडत नाही. चाचणीत एक फोल्डर ठिपक्याने संपणारा, एक मोकळ्या जागेने संपणारा, एक फाइल उणे चिन्हाने सुरू होणारी, एक इमोजीची आणि एक ‘ऑक्स’ या राखीव रोमन नावाची ठेवा. बहुतेक इमोजी बीएमपीच्या, म्हणजे दोन बाइटांच्या एका एककात मावणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या भागाच्या, बाहेर असतात, अशा इमोजीला जोलिएटची दोन एककं लागतात आणि एकच एकक धरणारे प्रोग्रॅम तिथे चटकन उघडे पडतात.

एक फरक लक्षात असू द्या. डीडीसारख्या साधनाने सेक्टर जसेच्या तसे उतरवून केलेली इमेज नावांना स्पर्शच करत नाही. तिथे नाव मोडलेलं दिसलं तर दोष वाचणाऱ्याकडे किंवा मूळ डिस्कवर शोधा.

सध्या मी काय करते

इमेज करण्याआधी, चाचणीचा फोल्डर वगळून, एक तपासणी चालते: नावं एनएफसीत आहेत का, ६४ एककांच्या आत आहेत का, नऊ चिन्हं, अर्धविराम आणि शेवटचा ठिपका कुठे आहे का. काही सापडलं तर स्क्रिप्ट थांबते, स्वतःहून दुरुस्ती करत नाही. नाव बदलायचा निर्णय माणसानेच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. झेडडब्ल्यूजेला ती हात लावत नाही, फक्त कुठे आहे ते दाखवते.

नावं बदलणं शक्यच नसेल, म्हणजे जुना संग्रह आहे तसाच जपायचा असेल, तर सगळा फोल्डर पॅक्स स्वरूपाच्या एका टार फायलीत बांधून ती एकच फाइल, साध्या रोमन नावाने, इमेजमध्ये ठेवते. आतली नावं इमेजच्या मर्यादांपासून सुरक्षित राहतात. इमेज उघडून एखादी फाइल पटकन पाहायची सोय जाते, ती किंमत मोजावी लागते.

प्रत्येक इमेजच्या मुळाशी रोमन नावाची एक यादी असते, आत यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक फायलीचा शा-२५६ हॅश आणि मूळ नाव. तिच्याशेजारी चाचणीचा तो फोल्डरही असतो. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याने आधी तो उघडावा. ‘दर्या’ एक आणि ‘दऱ्या’ तीन, अशा चार फायली तिथे दिसल्या नाहीत, तर बाकीच्या नावांवर विसंबू नये आणि हॅशवरून यादीतली मूळ नावं परत लावून घ्यावीत.